बाबा झोपले आहेत

७ जानेवारी २००३, मंगळवार

दर वर्षी आमच्या वीज प्लांटमधून मिळणारी डायरी वनमाला दुधाचा रतीब लिहायला घेते. यंदा मी मागून घेतली. ती म्हणाली, "तुमी काय लिहिसान?" जे लिहायचं आहे ते बायकोला सांगण्यासारखं नाही, म्हणून तर लिहितो आहे.

आज दीपिकाच्या शाळेत आरोग्य तपासणी होती. वनमालाला ताप, म्हणून नाइट करून आलेला मीच तसाच गेलो. चौथीची पोरं ओळीत उभी. एकेक काट्यावर चढत होतं, एक बाई वजन मोठ्यानं सांगत होत्या, दुसऱ्या लिहून घेत होत्या. दीपिका चढली तेव्हा बाई थांबल्या. काट्याला हातानं झटका दिला, तिला उतरवून परत चढवलं, मग आकडा सांगितला. तो वनमालाच्या वजनाच्या आसपासचा होता. मागची पोरं खिदळली. मी भिंतीवरचा भारताचा नकाशा पाहत राहिलो.

डॉक्टरीणबाई तरुण. त्यांनी विचारलं, "घरी आल्यावर काय करते ही?"

"टीव्ही पाहते. नाही तर टीव्हीवरचा गेम."

"किती वेळ?"

"झोपेपर्यंत."

"खेळायला नाही जात?"

मी म्हटलं, "आजकालची पोरं कुठी खेळतात मॅडम? केबल आल्यापासून सगळी अशीच."

त्यांनी दीपिकाला विचारलं, "तुला कोणता खेळ आवडतो?" दीपिकानं माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. लाजाळू आहे.

डॉक्टरीणबाईंनी बरंच सांगितलं. तळलेलं कमी करा, घरातल्या सगळ्यांनीच कमी करा, खेळू द्या, टोचून बोलू नका, घाई नको. बाहेर आल्यावर मी दीपिकाला म्हटलं, "आयकलं ना? आता पळाचं." ती बरं म्हणाली. आमच्या घराण्यात कोणी जाड नाही. गावी पोंभुर्ण्यात मी कबड्डी खेळायचो तेव्हा माझ्या बरगड्या मोजता यायच्या. ही कोणावर गेली?

९ जानेवारी

केबलवाल्याला सांगून कनेक्शन काढायला लावणार होतो, पण वनमालाची संध्याकाळची मालिका आहे. मग दुपारी टीव्ही लावायचा नाही असं ठरलं. गेम कपाटावर ठेवून दिला.

तो गेम दोन वर्षांपूर्वी मीच चंद्रपूरच्या गोलबाजारातून आणला होता. तेव्हा दीपिका दिवसभर घरात धिंगाणा घालायची. नाइट करून आलेल्या माणसाला दिवसा झोप नको? गेम आणल्यावर आठवड्याभरात पोरगी इतकी शांत झाली की वरच्या मजल्यावरचे अयूबभाऊ एकदा म्हणाले, "प्रफुल्लभाऊ, तुमच्या घरी लेकरू आहे हे मालूमच नाई पडत." मला तेव्हा कौतुक वाटलं होतं. ही यंत्रं लेकरांना खाऊन टाकतात हे तेव्हा कोणी सांगितलं नाही.

१२ जानेवारी

रोज पहाटे दीपिकाला पळायला नेतो. आज चौथा दिवस. धापा टाकते, पण थांबत नाही. काल पडली, हाताला खरचटलं, तरी रडली नाही. एवढी जिद्द तिच्यात आहे हे मला माहीत नव्हतं.

प्लांटच्या कॉलनीतलं क्लबचं ग्राउंड जवळ आहे, पण मी तिला राखेच्या पाइपाच्या बाजूच्या रस्त्यानं नेतो. तिथं ट्रक जातात, राख उडते, केसांत बसते. ती आज म्हणाली, "बाबा, ग्राउंडवर काऊन नाई जात आपण? तिथी तं सारे पळतात."

"तिथी गर्दी राह्यते," मी म्हटलं.

गर्दी म्हणजे माझ्याच शिफ्टची माणसं. खोटं नाही लिहिणार.

१७ जानेवारी

परवापासून नाइट. पळणं बंद ठेवावं लागलं.

आज दुपारी डोळा लागला तोच जिन्यात धप धप सुरू झालं. टीव्ही बंद म्हणून दीपिका आणि अयूबभाऊंची तहसीन आमच्या दारासमोर दोरीवरच्या उड्या मारत होत्या. मी दार उघडून ओरडलो. जरा जास्तच ओरडलो. तहसीन दोरी टाकून वर पळाली. दीपिका तिथंच उभी राहिली. तोंड लाल, घामानं निथळत होती.

"मानूस रातभर मशीन पाह्यते, त्याले दोन घंटे झोपू तरी द्या!"

आत येऊन मीच टीव्ही लावून दिला. म्हटलं, आवाज बारीक ठेव. या आठवड्यापुरतंच. संध्याकाळी उठलो तेव्हा ती पडद्यापासून हातभर अंतरावर बसली होती. आवाज इतका बारीक की मलाही ऐकू येत नव्हता. सांगितलेलं ऐकते, एवढं मात्र खरं.

२१ जानेवारी

सव्वीस तारखेसाठी तिला पांढरा फ्रॉक हवा होता. गोलबाजारात गेलो. दुकानदारानं तिच्या वयाचे फ्रॉक काढले, तिच्याकडं पाहिलं, घडी घालून परत ठेवले. मग पोऱ्याला ओरडून म्हणाला, "वरून बायांचे पंजाबी आन रे, पांढरे!" दुकानात चार गिऱ्हाइकं होती. मी म्हटलं, मी बाहेर थांबतो, आणि वनमालाला पैसे देऊन समोरच्या टपरीवर चहा पीत बसलो. दोघी बाहेर आल्या तेव्हा दीपिकाच्या हातात पिशवी होती. परतीच्या बसमध्ये वनमाला खिडकीबाहेर पाहत होती.

२६ जानेवारी, रविवार

हे लिहावं की नाही, मघापासून पेन हातात धरून बसलो आहे.

झेंडावंदनानंतर क्लबच्या ग्राउंडवर मुलांच्या शर्यती होत्या. शेवटच्या रेषेवर फीत धरायचं काम माझ्याकडं आणि लटारूकडं. लटारू मागच्या महिन्यात आमच्या शिफ्टमध्ये आला, बिऱ्हाड अजून त्याच्या गावी वडशालाच आहे, म्हणून माझ्या घरचं कोणी त्यानं पाहिलेलं नाही. दहा वर्षांखालच्या मुलींची शर्यत सुरू झाली आणि बघतो तर ओळीत दीपिका. नाव कोणी दिलं कुणास ठाऊक. आम्हाला तिनं काही सांगितलं नव्हतं.

शिट्टी झाली. बाकीच्या पोरी फीत तोडून गेल्या, टाळ्या वाजल्या, आम्ही फीत गुंडाळायला घेतली, तरी ती अजून अर्ध्यात होती. लोक हसायला लागले. कोणीतरी माइकवरून म्हणालं, "येऊ द्या, येऊ द्या, मालगाडी येऊ द्या!" ती थांबली नाही. नवा पांढरा पंजाबी पाठीला चिकटलेला, तोंड उघडं, आणि ती नेमकी माझ्याच दिशेनं येत होती. चक्क हसत होती.

लटारूनं मला कोपरानं ढोसलं. "अरे बाप! कोनाची पोरगी आहे गा ही?"

मी म्हटलं, "मालूम नाई."

तेव्हा ती माझ्यापासून दोन हातांवर होती. थांबली. मग पाण्याच्या टाकीकडं गेली.

तिनं ऐकलं नसावं. लाउडस्पीकर सुरू होता.

२८ जानेवारी

पळायला उठवलं. उठली नाही. पोट दुखतं म्हणाली. शाळेत मात्र गेली.

३ फेब्रुवारी

बरी बातमी. दीपिका हलकी दिसायला लागली. काल वनमालानं तिच्या शाळेच्या स्कर्टचं हूक आत घेतलं. पळणं बंद आहे तरी. संध्याकाळी ताटात जेमतेम एक पोळी घेते, दुसरी वाढली तर ताटावर हात धरते. शाळेतला डबा मात्र रोज स्वच्छ रिकामा येतो, म्हणजे जेवण पोटात जातं. मी वनमालाला म्हटलं, "पाह्य, शिस्त लावली तं लागते." ती म्हणाली, "तिचं तोंड पाह्यलं का तुमी?" बायकांना काहीही झालं तरी काळजी.

आजकाल दीपिका माझ्याबरोबर बसस्टॉपवर येत नाही. तिच्या आईचा हात धरून मागून येते.

६ फेब्रुवारी

आज साप्ताहिक सुट्टी. दुपारी न्हाणीच्या खिडकीतून जिना दिसतो, तिथून एक गंमत पाहिली. चार-पाच पोरं चपला हातात घेऊन, पावलं न वाजवता चढत होती. तहसीन पुढं, ओठांवर बोट. आमचा मजला ओलांडला आणि सगळ्यांनी चपला पायात घालून गच्चीकडं धूम ठोकली. कसला तरी नवीन खेळ असावा. दीपिकाला हाक मारून दाखवणार होतो, पण ती टीव्हीपुढं बसली होती. शेवटी हिचं हिलाच बाहेर पडावंसं वाटत नाही, तर आईबापानं काय करावं?

११ फेब्रुवारी

शाळेतून प्लांटला फोन आला. दीपिका प्रार्थनेच्या वेळी चक्कर येऊन पडली. हनुवटी फुटली, तीन टाके पडले. कॉलनीच्या दवाखान्यात शाळेतल्या तपासणीच्या त्याच डॉक्टरीणबाई होत्या. सलाइन लावलं आहे. वनमाला तिथंच थांबली आहे.

मी घरी आलो आणि तिचं दप्तर उघडलं. डबा रिकामा होता. प्रार्थना तर डब्याच्या सुट्टीआधी होते.

१२ फेब्रुवारी

सकाळी गेलो तेव्हा डॉक्टरीणबाई दीपिकाच्या खाटेवर बसून बोलत होत्या. मला पाहून दीपिका गप्प झाली. बाई म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर थांबा." मी म्हटलं, "मी बाप आहे तिचा." त्या म्हणाल्या, "हो. म्हणूनच." मी व्हरांड्यात उभा राहिलो. फिनाइलचा वास, आणि बाकावर एक म्हातारा खोकत होता.

बऱ्याच वेळानं वनमाला बाहेर आली. तिनं जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहितो, म्हणजे मला पुढं बदलता येणार नाही.

"दोन हप्त्यांपासून शाळेतला डबा मागच्या भिंतीवरून गायीले टाकते. सकाळचं दूध मोरीत ओतते. मॅडमनं इचारलं काऊन, तं म्हनते, मी बारीक झाली का बाबा मले ओळखतीन."

मी म्हटलं, "म्हंजे?"

"म्हंजे मले इचारता? सव्वीस तारखेले तुमी त्या मानसाले काय बोलले ते तिनं आयकलं. घरी येऊन मले सांगतलं नाई तिनं. आज त्या परक्या बाईले सांगतलं." ती रडत नव्हती, हे जास्त वाईट होतं. "मॅडम म्हनतात खेळाले पाठवा. कुठी पाठवू? आपल्या जिन्यातून पोरं चपला हातात घेऊन जातात, तुमची झोप मोडन म्हनून. तिले बोलवाले येत होते ना पयले? दाराशी आले का मीच त्याहिले सांगो, हळू, बाबा झोपले आहेत. मग यायचेच बंद झाले. दोन वर्सांपासून ते लेकरू घरात बसून आहे, आन तुमी म्हनता केबलनं खराब केलं."

म्हाताऱ्याशेजारी बाकावर जाऊन बसलो.

तहसीन. ओठांवर बोट. मी ती गंमत म्हणून लिहिली आहे, मागच्याच पानावर.

१६ फेब्रुवारी

दीपिका घरी आली. हनुवटीला पट्टी. डॉक्टरीणबाईंनी वनमालाला सगळं नीट लिहून दिलं, मला एवढंच म्हणाल्या, "वजनाचं आपण सावकाश बघू. आधी ती जेवली पाहिजे."

संध्याकाळी वनमाला वर अयूबभाऊंकडं शमीमभाभीला भेटायला गेली, तेव्हा मी दीपिकाजवळ बसलो. काय बोलायचं ते दिवसभर मनात घोकलं होतं. म्हटलं, "बेटा, त्या दिवशी ग्राउंडवर लटारूकाकांनी मले इचारलं, तवा मी..."

ती पटकन म्हणाली, "तुमाले आयकू नाई आलं ना बाबा? लाउडस्पीकर होता."

तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. पट्टीची कड नखानं उचकटत होती.

मी हो म्हटलं.

एवढं सोपं करून दिलं तिनं, आणि मी ते घेतलं. दहा वर्षांची पण नाही अजून.

१९ फेब्रुवारी

आज दुसऱ्या पाळीत चहाच्या वेळी लटारूला गाठलं. म्हटलं, "सव्वीस जानेवारीले मागं राह्यलेली पोरगी आठवते का? ती माही आहे."

त्याचा हात कपासकट थांबला. "अबे, मग तवाच काऊन नाई सांगतलं?"

"लाज वाटली."

मला वाटलं, माफ कर म्हणेल, मग मी म्हणेन जाऊ दे गा, आणि दोघांचंही होऊन जाईल. पण तो म्हणाला, "मी तं परक्याच्या पोरीले हासलो गा. लय वाईट केलं. पन तू काऊन हासला?"

"मी नाई हासलो."

"ओळख नाई दाखवली, तेच ते," तो म्हणाला आणि कप विसळायला उठला.

जनरल ड्युटीसाठी, म्हणजे कायम दिवसपाळीसाठी, अर्ज दिला. साहेब म्हणाले, रांग मोठी आहे. नाइट चालूच राहणार.

२० फेब्रुवारी

परत ते घोकलेलं बोलायचा प्रयत्न केला. या वेळी दीपिकाला मधे बोलू दिलं नाही. "मले आयकू आलं होतं. आयकूनच मी तसा बोललो. चुकी माही आहे, तुही नाई." ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "बरं." मग विचारलं, "जाऊ का?" मी जा म्हटलं. स्वयंपाकघरात जाऊन ती आईजवळ बसली आणि तिनं दीड पोळी खाल्ली. मी मोजली.

माफ केलं की नाही, मला कळत नाही. विचारणार तरी कोणत्या तोंडानं.

२३ फेब्रुवारी

गेम कपाटावरून काढून परत लावून दिला. कोणी जबरदस्ती केली असं तिला वाटायला नको. तिनं थोडा वेळ खेळला आणि स्वतःच बंद केला. मग खिडकीत जाऊन खाली पाहत बसली. खाली पोरांचा लगोरीचा डाव सुरू होता, आमच्या बिल्डिंगपासून दूर, पलीकडच्या पाण्याच्या टाकीजवळ. तिथून दगड पडल्याचा आवाजसुद्धा वर येत नाही. ती जागा त्यांनी का निवडली हे आता मला कळतं.

मी मागं उभा होतो. तिला माझी चाहूल लागली तशी ती खिडकीतून बाजूला झाली.

२ मार्च, रविवार

आज चार वाजता अयूबभाऊंचं दार वाजवलं. तहसीननं दार उघडलं आणि मला पाहून दोन पावलं मागं सरली. म्हटलं, "तहसीन, आजपासून आपल्याच आंगनात खेळा. कितीबी आवाज करा. दीपिका पन येते." ती अयूबभाऊंकडं पाहायला लागली. अयूबभाऊ म्हणाले, "जा ना बेटी." मला म्हणाले, "तुमाले नाइट नाई का?" म्हटलं, आहे, पुढच्या हप्त्यापासून. त्यांनी खुर्ची पुढं सरकवली. मी बसलो नाही.

पोरं आली. फरशीचे तुकडे एकावर एक रचले. दीपिका खाली उतरली, आई पाठीशी. मी पायरीवर उभा राहिलो, हात पाठीशी बांधून, हसऱ्या चेहऱ्यानं. पहिला चेंडू बसला, लगोरी फुटली, आणि कोणी ओरडलंच नाही. पोरं गुपचूप पळाली, गुपचूप तुकडे गोळा केले. एका लहान पोराच्या हातून तुकडा खणकन पडला तर त्यानं दचकून माझ्याकडं पाहिलं. मी टाळ्या वाजवल्या. "ओरडा ना बे!" म्हटलं. सगळे अजूनच गप्प झाले.

दीपिका माझ्याकडं आली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा आपणहून आली. माझ्या शर्टाची बाही धरून मला खाली वाकवलं आणि कानात म्हणाली, "बाबा, तुमी जा ना. तुमी असले का कोनी खेळत नाई."

"वर जाऊ?"

तिनं वर खिडकीकडं पाहिलं, विचार केला. "वर नोको. कुठी तरी दूर."

मी सायकल काढली. वनमाला दारातून पाहत होती. रेल्वे फाटकापर्यंत गेलो. कोळशाची गाडी जात होती म्हणून थांबावं लागलं, आणि गाडी निघून गेल्यावरही फाटकाजवळच्या हॉटेलात बसून राहिलो. ओळखीचे दोघंतिघं भेटले. काय गा प्रफुल्ल, आज इकडं? म्हटलं, घरी पोरगी खेळून राह्यली आहे, तिले जागा पायजे. ते हसले, त्यांना वाटलं मी गंमत करतो आहे.

राखेच्या बंधाऱ्याकडं बिबट दिसल्यापासून कॉलनीतली पोरं दिवे लागायच्या आत घरात येतात, म्हणून तेवढा वेळ धरून परतलो. अंगण रिकामं होतं. फरशीचे तुकडे इकडं तिकडं पडलेले. दीपिका न्हाणीत पाय धूत होती. गुडघा फुटलेला, कपड्यांना माती, केस कपाळाला चिकटलेले. वनमाला म्हणाली, लय भांडली आज, तहसीनशी, आउट आहे का नाई म्हनून, साऱ्या बिल्डिंगले आयकू गेलं. सांगताना तिला हसू येत होतं. मी म्हटलं, मले आयकाले पायजे होतं. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि हसू आवरलं.

जेवताना दीपिकानं दोन पोळ्या खाल्ल्या, तिसरी मागितली आणि माझ्याकडं पाहून हात मागं घेतला. मी ती पोळी उचलून तिच्या ताटात ठेवली. तिनं खाल्ली. मग डोळे वर करून, नीट माझ्या तोंडाकडं पाहून विचारलं,

"बाबा, उद्या शाळेतून आल्यावर पन जासान का तुमी?"

तिच्या आवाजात राग नव्हता. फार आशेनं विचारत होती.

"जातो ना," मी म्हटलं.

कुठं जायचं ते अजून ठरवलं नाही.